दाणे काढायचे की राहू द्यायचे?

जत्रेत रात्री काढलेला दशावताराचा फोटो कॉम्प्युटरवर उघडला की बहुतेकांचा हात आधी झूमकडे जातो. फोटो शंभर टक्क्यांवर येतो, राजाच्या गालावर लाल-हिरवे ठिपके आणि करडे दाणे दिसतात, जीव हळहळतो आणि नॉइज रिडक्शनचा स्लायडर पन्नास-साठपर्यंत ओढला जातो. दाणे जातात खरे, पण त्यांच्याबरोबर कपाळावरच्या गंधाची बारीक कड जाते, घामाने फुटलेला रंग सपाट होतो, मिशीचे केस एकमेकांत विरघळतात. रात्रभर जागून ज्यासाठी फोटो काढला, तेच पुसलं जातं.

माझं मत स्पष्ट आहे. आपण काढतो त्या बहुतेक फोटोंना नॉइज रिडक्शनची गरज नसते. ज्यांना असते, त्यांतही सगळ्या फोटोला क्वचितच असते. एखाद्या कोपऱ्याला, एखाद्या पार्श्वभूमीला असते. आणि ती आहे की नाही हे शंभर टक्क्यांवर पाहून कळत नाही, कारण त्या आकारात तो फोटो तुमच्याशिवाय कोणीही पाहणार नसतो.

जरा हिशोब करा. २४ मेगापिक्सलच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सलचा असतो. साध्या फुल एचडी पडद्यावर एका वेळी मावतात जेमतेम वीस लाख पिक्सल, म्हणजे शंभर टक्क्यांवर तुम्ही फोटोचा बारावा हिस्सा पाहत असता. चोवीस इंची मॉनिटरवर तो सगळा फोटो त्याच प्रमाणात मांडायचा, तर रुंदी साडेपाच फुटांच्या आसपास जाईल. एवढा मोठा फोटो कोणी हातभर अंतरावरून पाहत नाही.

आता तोच फोटो इन्स्टाग्रामवर १०८० पिक्सल रुंदीचा होऊन गेला, तर मूळच्या तीसेक पिक्सलांची सरासरी होऊन एक पिक्सल तयार होतो. सरासरीत यादृच्छिक चढउतार एकमेकांना खोडतात. चार पिक्सलांचा एक केला की नॉइज निम्मा होतो, तिसांचा एक केला की गणिताने पाचव्या हिश्शावर येतो. प्रत्यक्षात कॅमेऱ्यातल्या शेजारच्या पिक्सलांचा नॉइज पूर्णपणे स्वतंत्र नसल्यामुळे फायदा याहून काहीसा कमी मिळतो, तरी डोळ्यांना फरक जाणवतो तो मोठाच. फोटो लहान करणं हेच इथे नॉइज रिडक्शन आहे, आणि तेही त्या आकारात दिसणाऱ्या तपशिलाला धक्का न लावता.

छापील कामाचंही तसंच. बारा बाय आठ इंचाच्या प्रिंटला तीनशे डीपीआयने ३६०० बाय २४०० पिक्सल लागतात, म्हणजे तिथेही फोटो बराच आकसतो. वर्तमानपत्राच्या कागदावर तर छपाईचेच ठिपके इतके मोठे असतात, की तुमचे दाणे त्यात दिसतच नाहीत. फ्लेक्स मोठा असतो, पण तो रस्त्यापलीकडून पाहिला जातो. खरी काळजी घ्यावी लागते ती दिवाळी अंकाच्या गुळगुळीत कागदावरच्या मुखपृष्ठाची, जवळून पाहिल्या जाणाऱ्या मोठ्या प्रदर्शनी प्रिंटची आणि फोटोचा छोटासा तुकडा कापून मोठा करायचा असेल त्या वेळची. क्रॉप केल्यावर सरासरीचा फायदा निघून जातो, हे विशेषतः पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं.

म्हणून फोटो उघडल्यावर आधी तो कुठे जाणार हे ठरवा. मग व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, शॅडो, कॉन्ट्रास्ट ही सगळी कामं उरका. नॉइजचा निर्णय त्याच्या आधी घेण्यात अर्थ नाही; शॅडो उचलल्या की लपलेला नॉइज वर येतो आणि काळं आणखी गडद केलं की दिसणारा नॉइज बुडतो. हे झाल्यावर फोटो अंतिम आकाराच्या जवळपास आणा, खुर्ची थोडी मागे घ्या आणि पाहा. नजर पहिल्यांदा चेहऱ्यावर गेली आणि तिथेच रमली, तर दाणे असू देत. नजर दाण्यांवर अडखळली, तर पुढचं वाचा.

नॉइज येतो कुठून हे थोडक्यात समजून घेतलं की बरेच निर्णय सोपे होतात. प्रकाश कणाकणाने येतो आणि ते कण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. एखाद्या पिक्सलवर सरासरी दहा हजार कण पडत असतील, तर त्यातला चढउतार साधारण शंभरचा, म्हणजे एक टक्का. फक्त शंभर कण पडत असतील तर चढउतार दहाचा, म्हणजे दहा टक्के. नॉइज अंधाऱ्या भागात दिसतो तो यामुळे. कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सची भर त्यात पडते, पण मूळ तुटवडा उजेडाचा असतो. आयएसओ वाढवल्याने उजेड वाढत नाही, मिळालेला सिग्नल फक्त मोठा होतो. मोठा सेन्सर चांगला ठरतो तोही त्यावर जास्त प्रकाश पडतो म्हणून: फुल फ्रेम ८६४ चौरस मिलिमीटरचा, तर फोनमध्ये मिळणारा ‘एक इंची’ म्हणवला जाणारा मोठा सेन्सरही ११६ च्या आसपास.

यातून निघणारी एक गोष्ट मी नव्याने कॅमेरा घेतलेल्या प्रत्येकाला सांगतो. नॉइजच्या भीतीने आयएसओ कमी ठेवून फोटो काळा काढू नका. आयएसओ १६०० वर दोन स्टॉप काळा काढलेला फोटो नंतर उजळला, तर तो त्याच शटर आणि त्याच अपर्चरला ६४०० वर काढलेल्या फोटोपेक्षा चांगला निघत नाही. निघाला तर वाईटच निघतो. याहून मोठं नुकसान होतं ते आयएसओ खाली ठेवण्यासाठी शटर संथ केल्याने. रंगमंचावर युद्धाचा प्रवेश चालू असताना १/३० ला काढलेला फोटो हलतो, आणि हललेल्या फोटोतला चेहरा पुन्हा घडवता येत नाही. दाणे असलेल्या तीक्ष्ण फोटोचं पुढे बरंच काही करता येतं.

आता दशावताराच्याच फोटोकडे परत येऊ, कारण नॉइजचे जवळजवळ सगळे प्रकार तिथे एका चौकटीत भेटतात.

त्यात दोन वेगळी दुखणी असतात. एक रंगांचं: सपाट भागावर विखुरलेले लाल, हिरवे, जांभळे डाग. दुसरं उजेड-अंधाराचं: बारीक करडे दाणे. रंगांचा नॉइज जवळजवळ नेहमी काढावा. माणसाच्या डोळ्याला रंगातला बारीक तपशील फारसा कळत नाही, त्यामुळे तो काढल्याने फोटोचं फार बिघडत नाही. लाइटरूममध्ये रॉ फाइल उघडली की रंगाचा स्लायडर आपोआप २५ वर असतो आणि उजेडाच्या नॉइजचा म्हणजे ल्युमिनन्सचा शून्यावर, ते याच कारणाने. डार्कटेबल आणि रॉथेरपी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही दोन्ही वेगळे हाताळता येतात. रंगाचे डाग मोठाले असतील तर २५ चे ४० करा. फक्त शेजारी-शेजारी असलेल्या लहान रंगीत वस्तूंवर, म्हणजे किरीटावरच्या टिकल्यांवर आणि गळ्यातल्या मण्यांवर, एका रंगाची छटा दुसऱ्यावर सांडत नाही ना एवढं पाहा.

देवळातल्या समयांच्या किंवा पिवळ्या बल्बच्या उजेडात रंगांचा नॉइज जास्त येतो, त्यालाही कारण आहे. त्या उजेडात निळा प्रकाश अगदी थोडा असतो. चेहरा नैसर्गिक दिसावा म्हणून तुम्ही व्हाइट बॅलन्स निळ्याकडे नेता, तेव्हा आधीच उपाशी असलेला निळा चॅनल सॉफ्टवेअर ताणून मोठा करतं आणि त्यातले डाग वर येतात. उपाय सोपा आहे: दिव्याचा फोटो थोडा पिवळाच राहू द्या. समईच्या उजेडात बसलेली माणसं दुपारच्या उन्हातल्यासारखी पांढरी दिसावीत असा हट्ट का धरायचा? उबदार रंग ठेवला तर वातावरणही टिकतं आणि नॉइजही कमी राहतो.

करड्या दाण्यांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. बारीक तपशील आणि बारीक दाणा यांत फरक करणं सॉफ्टवेअरला अवघड जातं, म्हणून दाणा काढताना तपशीलही निघतो. साध्या स्लायडरने पंधरा ते पंचवीसच्या आत काम झालं तर ठीक. चाळिशीपुढे गेलात की चेहरा मेणाचा दिसू लागतो. कुठे थांबायचं हे कळण्यासाठी एक खूण मला उपयोगी पडते: स्लायडर हलवताना गालाकडे पाहू नका, भुवईकडे पाहा. भुवईचे केस सुटे दिसायचे बंद झाले की दोन पावलं मागे या. दशावतारी नटाच्या बाबतीत भुवई रंगवलेली असते, तिथे कुंचल्याच्या फटकाऱ्याची कड पाहावी.

आणि काळोख. काळ्या वेशातला संकासुर रंगमंचावर आला की फोटो काढणाऱ्याला वाटतं, त्याच्या कपड्याची प्रत्येक चुणी दिसली पाहिजे. शॅडोचा स्लायडर शंभरावर जातो, आणि काळ्या कापडावर रंगीत माती उडाल्यासारखं दिसतं. मग तो नॉइज काढण्यासाठी आणखी कसरती. शॅडो उचलायची खरंच गरज होती का, हा प्रश्न आधी विचारा. कापड काळं आहे, मागचा पडदाही गडद आहे, रात्र तर आहेच. काळ्याचा स्लायडर उलट डावीकडे नेला, म्हणजे काळं आणखी काळं केलं, तर नॉइजचा बराचसा भाग नजरेआड होतो आणि चेहरा उठून दिसतो. रात्रीच्या फोटोंमधला निम्मा नॉइज आपण स्वतःच शॅडो उपसून वर आणतो, असं माझं अनेक वर्षांचं निरीक्षण आहे.

शार्पनिंगचंही तेच. लाइटरूममध्ये शार्पनिंगखाली मास्किंगचा स्लायडर असतो. ऑल्ट किंवा मॅकवर ऑप्शन की दाबून तो ओढला की पडदा काळा-पांढरा होतो आणि पांढऱ्या दिसणाऱ्या भागांनाच धार लागते. चेहऱ्याच्या, दागिन्यांच्या कडा पांढऱ्या आणि मागचा पडदा पूर्ण काळा होईपर्यंत तो उजवीकडे न्या. अनेकदा एवढ्यावरच काम भागतं, कारण मोकळ्या जागेतले दाणे मूळचे सौम्य असतात. सगळीकडे सरसकट मारलेल्या शार्पनिंगने ते टोचायला लागतात.

नॉइज कुठल्या भागावर बसला आहे, हे भिगवणच्या फोटोंत फार स्पष्ट दिसतं. हिवाळ्यात उजनीच्या पाणथळीवर पहाटे नावेतून रोहित पक्षी टिपायचे, तर उजेड कमी, लेन्स लांब, शटर १/१००० च्या पुढे. आयएसओ ३२०० सहज होतो. पक्ष्याच्या अंगावर पिसांची नक्षी असते, तिथे दाणे मिसळून जातात, दिसतही नाहीत. मागचं पाणी आणि धुकं सपाट असतं, तिथे ते लगेच दिसतात. म्हणजे जिथे नॉइज डोळ्यांत खुपतो तिथे गमावण्यासारखा तपशील नाही, आणि जिथे तपशील आहे तिथे नॉइज खुपत नाही. मास्क करून पक्षी वगळा आणि फक्त पाण्यावर नॉइज रिडक्शन द्या. लाइटरूममध्ये विषय आपोआप निवडणारा मास्क आहे, तो उलटा केला की पार्श्वभूमी मिळते. पायांच्या काड्या आणि चोचीची कड मात्र स्वतः तपासा, आपोआप निवडलेला मास्क तिथे चुकतो.

पण पाणी आणि आकाश अगदी काचेसारखं गुळगुळीतही करू नका. पहाटेच्या आकाशात रंग केशरीवरून निळ्याकडे अतिशय हळू बदलतो. जेपेगमध्ये प्रत्येक चॅनलला २५६ च पायऱ्या मिळतात. दाणे असतात तोवर त्या पायऱ्यांच्या कडा झाकलेल्या राहतात. पूर्ण काढले की आकाशात पट्टे दिसू लागतात, आणि सोशल मीडियावर फाइल आणखी दाबली गेली की ते अधिकच उठतात. आकाशात थोडा नॉइज ठेवा. काढून टाकलाच असेल, तर शेवटी ग्रेनचा स्लायडर थोडा वाढवून बारीक दाणा परत घाला.

एआयवर चालणाऱ्या डिनॉइजने गेल्या काही वर्षांत चित्र खूप बदललं आहे. डीएक्सओचं डीपप्राइम २०२० मध्ये आलं, लाइटरूममध्ये तशी सोय एप्रिल २०२३ मध्ये आली, टोपाझची सॉफ्टवेअर्सही अनेक जण वापरतात. रॉ फाइलवर ती खरोखर उत्तम काम करतात. आयएसओ १२,८०० चा पक्षी छापण्याजोगा होतो, हे मी स्वतः पाहिलं आहे आणि त्याचा मला आनंद आहे. तरीही प्रत्येक फोटो त्यातून काढायचा ही सवय लावून घेऊ नका. ही सॉफ्टवेअर्स लाखो फोटोंवर शिकलेली असतात आणि जिथे माहिती अपुरी असते तिथे जे असण्याची शक्यता आहे ते रंगवतात. जवळच्या चेहऱ्याला याचा त्रास सहसा होत नाही. जत्रेच्या गर्दीतल्या मागच्या रांगेत, जिथे एक चेहरा वीस-पंचवीस पिक्सलांचा असतो, तिथे डोळे-नाक वेडेवाकडे होतात. दूरच्या पाटीवरच्या देवनागरी अक्षरांकडे तर जरूर पाहा: अनुस्वाराचं टिंब दाणा समजून पुसलं जाऊ शकतं, वेलांटीचा आकार बदलू शकतो. पक्ष्याच्या अंगावर नसलेली पिसंही उगवतात.

म्हणून एआय डिनॉइज पूर्ण ताकदीने लावू नका. लाइटरूममध्ये सुरुवातीचा आकडा ५० असतो. तीस-पस्तीसवर बहुतेक फोटो छान निघतात. ज्या फोटोला पुरावा म्हणून किंमत आहे, म्हणजे बातमीचा फोटो, दुर्मीळ पक्ष्याची नोंद, एखाद्या शिलालेखाचं छायाचित्र, तिथे मी एआय वापरत नाही. शिलालेखाच्या फोटोत दगडाचा खडबडीतपणा आणि झिजलेल्या अक्षराची कड यांतला फरक अभ्यासकाने ठरवायचा असतो, सॉफ्टवेअरने त्याच्या आधी ठरवून टाकू नये. वन्यजीव छायाचित्रणाच्या मोठ्या स्पर्धा निवडलेल्यांकडून मूळ रॉ फाइल मागतात, तेव्हा नियम आधी वाचा.

नॉइज समजून भलत्याच दुखण्यावर औषध दिलं जातं, असंही होतं. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली फोटोवर आडवे फिके-गडद पट्टे आले, तर तो उजेडाचा लुकलुकाट असतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे बहुधा जातात, नॉइज रिडक्शनने ते जात नाहीत. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोतले चौकोनी ठोकळे हे कॉम्प्रेशनचे असतात; पाठवणाऱ्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवणं हा त्यावरचा सर्वांत चांगला उपाय. फोकस चुकलेला मऊ चेहरा डिनॉइज करून आणखी मऊच होतो.

फोनच्या जेपेग फोटोंना तर हात लावण्याआधी दोनदा विचार करा. फोनने फोटो साठवण्याआधीच अनेक फ्रेम एकत्र करून नॉइज काढलेला असतो, अनेकदा गरजेपेक्षा जास्त. केस आधीच लिंपल्यासारखे झालेले असतात. त्यावर पुन्हा नॉइज रिडक्शन दिलं तर तैलरंगाचं चित्र होतं. अशा फोटोला थोडा ग्रेन घालून कृष्णधवल केलं, तर तो पुष्कळदा सावरतो. रंगांचे डाग कृष्णधवलमध्ये तसेही उरत नाहीत, आणि करडा दाणा तिथे शोभतो. ट्राय-एक्ससारख्या फिल्मवर काढलेल्या फोटोंतला दाणा पाहत पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या झाल्या, त्या फोटोंचा प्रभाव दाण्यांमुळे कमी झाला नाही.

काजव्यांच्या फोटोंची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे नॉइजचा विचार जागेवरच करावा लागतो. मेच्या अखेरीपासून पावसाचा जोर वाढेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या बाजूला ट्रायपॉडवर तीस-तीस सेकंदांचे फोटो काढले जातात. इतक्या लांब एक्स्पोजरमध्ये, त्यातही मेच्या उकाड्यात, सेन्सरवरचे काही पिक्सल तापून लाल, निळे, हिरवे ठिपके देतात. काजव्यांच्या फोटोत ते काजव्यांतच मिसळतात, त्यामुळे साधं नॉइज रिडक्शन दिलं तर बारीक काजवेही त्याच्या तोंडी जातात. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू केलं, तर प्रत्येक फोटोनंतर तेवढ्याच वेळाची एक काळी फ्रेम घेऊन कॅमेरा ते ठिपके वजा करतो. काम चोख होतं, पण निम्मा वेळ वाया जातो आणि काजव्यांचा चांगला तास थोडाच असतो. त्याऐवजी शेवटी लेन्सला टोपी लावून त्याच आयएसओला, त्याच शटरला चार-पाच काळ्या फ्रेम घ्या आणि घरी आल्यावर त्या वजा करा.

फ्रेम एकत्र करतानाही एक चूक सर्रास होते. सगळे फोटो लायटन मोडमध्ये एकावर एक ठेवले जातात. त्या मोडमध्ये प्रत्येक जागी सर्वांत उजळ पिक्सल निवडला जातो, म्हणजे काजव्यांबरोबर प्रत्येक फ्रेममधला उजळ नॉइजही गोळा होतो आणि काळोख करडा पडतो. झाडं आणि डोंगर यांच्यासाठी त्याच फ्रेमांची सरासरी काढा. चार फ्रेमांची सरासरी घेतली तर नॉइज निम्मा, सोळांची घेतली तर पाव होतो, आणि पानांची कड तशीच राहते. त्यावर फक्त काजव्यांसाठी लायटनचा थर चढवा आणि आकाशाच्या भागातून तो मास्कने पुसून टाका.

कामाची पद्धत कुठलीही असो, मूळ रॉ फाइल पुसू नका आणि डिनॉइज केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा. दहा-बारा वर्षांपूर्वीचे आयएसओ ३२०० चे फोटो आज नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले, तर तेव्हा जमलं नव्हतं इतके स्वच्छ निघतात; पण ते रॉ असतील तरच. तेव्हा स्लायडर ओढून जेपेग करून ठेवलेल्या फोटोंतल्या भुवया आता कोणतंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.